शिपिंग कंपनीचं आयकराचं अपील ‘मागच्या निकालाप्रमाणे’ म्हणून लगेच निकाली कसं निघतं?

मुद्दा आणि वस्तुस्थिती तीच असेल, तर खंडपीठ पुन्हा कीस काढत बसत नाही; आधीचा निकालच लागू करतं. ए. पी. मोलर मर्स्क या डॅनिश कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०१७ रोजी ठरवलं, की भारतातल्या एजंटांकडून दूरसंचार यंत्रणेच्या खर्चाचा वाटा घेणं म्हणजे भारतात करपात्र ठरणारी तांत्रिक सेवेची फी नव्हे. त्या वसुलीत नफा मिसळलेला नव्हता, हे तिथे फार महत्त्वाचं ठरलं. खरी गोम इथेच आहे! तुमच्या बिलात खर्चावर थोडाही मार्कअप (नफ्याची भर) असेल, तर हा आधार डळमळतो. शिवाय आयकरात प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरतात. म्हणून नुसती निकालाची प्रत जोडून भागत नाही. आधी निकाल लागलेलं वर्ष आणि आताचं वर्ष, या दोन्ही वर्षांचे करार आणि खर्चवाटपाचे तक्ते शेजारी ठेवून फरक नाही हे दाखवा.