क्युबातल्या लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डची मादी कशी ओळखायची?

तुम्ही क्युबाला जाताय आणि तिथल्या दलदलीतला लाल खांद्याचा ब्लॅकबर्ड तुम्हाला बघायचाय. हा पक्षी फक्त क्युबातच आढळतो. फोटोंत मादी नुसतीच काळी दिसते, मग ती ओळखायची कशी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

तिच्या अंगावर खरंच एकही खूण नसते. उत्तर अमेरिकेतल्या लाल पंखांच्या ब्लॅकबर्डची मादी तपकिरी, रेघारेघांची असते. ही मात्र चोचीपासून शेपटीपर्यंत काळी. म्हणून मी जोडी शोधतो. विणीच्या काळात हे पक्षी जोडीनं राहतात, पिल्लांना भरवायला नरही मदत करतो आणि मुख्य म्हणजे मादीसुद्धा गाते. नरानं ती कर्कश, शेवटी लांबवलेली तान घेतली की जवळच्याच पाणकणसातून तिची साथ येते. ही जुगलबंदी ऐकली की दुर्बीण लावा.

नराचा लाल पट्टाही कायम दिसत नाही. स्वस्थ बसला की काळी पिसं त्यावर उतरतात आणि खालची पिवळट कडच तेवढी उरते. इथेच पिवळट-तपकिरी खांद्याच्या ब्लॅकबर्डशी घोळ होतो. तो माळावर, शेतात, बागेतही दिसतो आणि त्याच्या मादीच्या खांद्यावरही रंग असतो. त्यामुळे जरा थांबा. नर गाताना खांदे फुलवतो तेव्हा लाल रंग असा झळकतो की शंकाच उरत नाही. दलदलीत पिवळी कड असलेल्या पक्ष्याशेजारी साधारण तेवढाच, पूर्ण काळा जोडीदार बसला असेल, तर तीच तुमची मादी. गावातल्या ताडामाडांवर बसणारा काळा, मोठा पक्षी म्हणजे तोती. त्याला खांद्यावर पट्टा नसतो.

जागा म्हणाल तर सापाताची दलदल. प्लाया लार्गाला मुक्काम करा आणि पहाटेच स्थानिक गाईडबरोबर ला तुर्बा किंवा सांतो तोमासला निघा. गाईडला 'मायितो दे सिएनागा' एवढं सांगितलं तरी पुरतं. पिवळट-तपकिरी खांद्याच्या ब्लॅकबर्डला नुसतं 'मायितो' म्हणतात. मे-जूनमध्ये गाणं भरात असतं, माझ्या मते जायचं तर तेव्हाच. हिवाळ्यात हे पक्षी थव्यानं फिरतात, त्यात दुसरे ब्लॅकबर्डही मिसळलेले असतात आणि मायितोच्या कोवळ्या पिल्लांच्या खांद्यावर रंग जेमतेमच असतो. तसल्या थव्यातल्या एकट्या काळ्या पक्ष्याची नोंद मी तरी मादी म्हणून करत नाही.