डबा रिकामा देऊ नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला. रूममेटच्या आईने ख्रिसमसचा म्हणून जॅम भरलेल्या कुकीजचा पत्र्याचा डबा पाठवला, कुकीज संपल्या, डबा धुवून परत द्यायला निघालीस तर मी फोनवर म्हणालो रिकामा देऊ नकोस, आणि आता तू विचारतेयस की का, त्या काकूंनी तर काहीच परत मागितलं नाहीये, आणि द्यायचंच तर मग आपणपण जॅमच्या कुकीज द्यायच्या का.

आपल्याकडे दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं, वर विणलेला रुमाल वगैरे, तर ते ताट आपल्या घरचं काहीतरी ठेवूनच परत जायचं, आणि घरात काहीच नसेल तर तुझी आजी वाटीत चमचाभर साखर घालून द्यायची. रिकामं भांडं परत देणं अशुभ, असं ती म्हणायची. मला मात्र त्यातलं दुसरंच जास्त पटतं, की भरलेला डबा गेला की बोलणं चालू राहतं, दार परत वाजवायला कारण मिळतं. ही काही परतफेड नाही, कोणी मोजत नसायचं की त्यांनी चार करंज्या दिल्या आणि आपण दोनच लाडू. एखाद्या घरी वर्षभरात कोणी गेलेलं असेल तर त्या दिवाळीला तिथे फराळ करत नाहीत, मग शेजारपाजारचे, नातेवाईक त्यांच्याकडे डबे पाठवतात, तेव्हा कोण कशाला हिशोब करेल.

काकू मूळच्या ऑस्ट्रियातल्या लिन्झच्या, असं तू म्हणालीस, म्हणजे त्यांना हे काही वेगळं सांगायला नको. तिकडे ख्रिसमसच्या आधीचे काही आठवडे घरोघरी कुकीजचे प्रकार करून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवतात आणि एकमेकांना देतात, आपल्या फराळासारखंच. तू खाल्लीस ती दोन बिस्किटांची, वरच्याला गोल भोक आणि त्यातून लाल जॅम दिसणारी कुकी लिन्झरच्या घराण्यातली, बदाम किंवा हेझलनट दळून पिठात घालतात आणि जॅम बहुतेक लाल करंट नावाच्या आंबट बेरीचा. लिन्झर टॉर्ट म्हणजे त्याच गावाच्या नावाचा जॅमचा केक, त्याची १६५३ सालची हाताने लिहिलेली कृती ऑस्ट्रियातल्याच आडमोंटच्या मठात जपलेली आहे, इतकं जुनं आहे ते. म्हणून मला वाटतं त्यांचीच कुकी त्यांना करून पाठवू नकोस, ती त्यांच्या हाताची आहे. आपली नानकटाई कर, आणि तिच्यात जॅम भर.

आणि बेकिंग आपलं नाही असं मनात आणू नकोस. माझ्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता, पण आजी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर सगळं डब्यात घालून गावातल्या बेकरीत न्यायची, तिथे ट्रे भाड्याने मिळायचे, आम्ही पोरं बाकावर बसून राहायचो आणि गरम नानकटाई त्याच डब्यात भरून घरी यायची. बेकरीत अजून चारपाच घरच्या बायका असायच्या, कोणाची फुलली, कोणाची पसरली यावर चर्चा. मला तो वास आजही कुठल्याही भट्टीजवळून जाताना येतो.

आता कर कशी ते. साजूक तूप १२० ग्रॅम, मऊ पण वितळलेलं नको, त्यात ८० ग्रॅम पिठीसाखर घालून पांढरंशुभ्र हलकं होईपर्यंत फेस, यात घाई करू नकोस, सगळा खुसखुशीतपणा याच्यावर आहे. मग १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, चमचाभर बारीक रवा, वेलची, चिमूट मीठ. मळायचं नाही, नुसतं गोळा होईल एवढंच हाताने एकत्र कर, जास्त मळलंस की मैद्याला ताण येतो आणि नानकटाई चिवट होते. एरवी आपण सोडा घालतो पण यात घालू नकोस, सोड्याने ती पसरते आणि जॅमचा खड्डाच बुजतो. गोळे करून अर्धा तास फ्रीजमधे ठेव, मग मधे अंगठ्याने खड्डा कर, कडेला चीर पडली तर बोटाने मिटव.

१७० डिग्रीवर दहाबारा मिनिटं भाज, बाहेर काढ, खड्डा वर आला असेल तर चमच्याच्या मागच्या बाजूने परत दाब, आणि तेव्हाच जॅम भर, पाव चमचा पुरे. मग अजून पाच मिनिटं. पहिल्यापासून जॅम घातला तर तो उकळून बाहेर येतो आणि ट्रेला करपून चिकटतो. जॅम घट्ट हवा, रास्पबेरी छान लागेल, बेसनाच्या गोडाला आंबटच पाहिजे. बाहेर काढल्यावर मऊ वाटतील तरी अजून भाजत बसू नकोस, गार झाल्या की होतात खुसखुशीत, आणि गरम असताना उचलूसुद्धा नकोस, तुटतात.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, थरांमधे बटर पेपर घाल नाहीतर जॅम वरच्या नानकटाईला लागतो. एका चिठ्ठीवर बेसन, तूप, मैदा आहे असं लिही, त्यांच्या घरी कोणाला कशाची अॅलर्जी असेल तर कळेल. अंडं नाहीये हे पण लिही. आणि डबा रूममेटच्या हाती नको, शनिवारी तू स्वतः जा द्यायला, त्यांना लिन्झरची कृती विचार, लिहून घे आणि मला पाठव, मला करून बघायचीय.

तुझा,
बाबा