एकसारखी अक्षरं असलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करूनही गोंधळ का होतो?

तुम्ही म्हणता, स्टेशनरी, प्रिन्सिपल, लूज असल्या जोड्या पाठ आहेत, तरी ऐन पत्र लिहिताना हात अडतो. जोड्या शेजारीशेजारी ठेवून घोकल्या की आठवतातही जोडीनेच, आणि कुठला अर्थ कुणाचा एवढंच नेमकं निसटतं. त्यात आपण दोन्ही शब्द देवनागरीत एकसारखेच लिहितो. म्हणून आधी जोडी फोडा आणि प्रत्येक शब्द त्याच्या त्याच्या भावकीत नेऊन बसवा.

स्टेशनरीच घ्या. शेवटी एआरवाय असेल तर अर्थ 'जागचा न हलणारा', उभी असलेली गाडी वगैरे. ईआरवाय असेल तर वह्या, पेनं, पाकिटं. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. बेकरीत ई आहे ना, मग इथेही ई. गंमत अशी की मुळात दोन्ही एकाच घरचे. फेरीवाल्यांसारखं न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता, तो स्टेशनर. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांवर पुष्कळदा एआरवाय रंगवलेलं असतं, तेव्हा पाट्यांवरून स्पेलिंग शिकू नका.

प्रिन्सिपलच्या शेवटी पीएएल असेल तर 'मुख्य'. कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाची मुद्दल, दोघंही त्यातच. पीएलई म्हणजे तत्त्व. 'रूल'च्या शेवटीही एलई आहे, ते लक्षात ठेवा. गृहकर्जाच्या कागदांत दोन्ही भेटतात: तत्त्वतः मंजुरीच्या पत्रात पीएलई, आणि हप्त्यांच्या तक्त्यात व्याजाशेजारच्या मुद्दलाच्या रकान्यावर पीएएल.

काही जोड्यांत उच्चार खरा वेगळा असतो, आपणच तो एक करून टाकलाय. दोन ओ असलेला शब्द म्हणजे सैल, सुटं. त्याचा खरा उच्चार 'लूस'. एक ओ असलेला म्हणजे गमावणं, हरणं, तो 'लूझ'. आपण 'लूज मोशन' म्हणतो तिथेच घोळ सुरू होतो. गळ्यावर बोट ठेवून म्हणून पाहा: 'झ'ला गळा थरथरतो, 'स'ला नाही. शिवाय 'लॉस्ट'मध्ये एकच ओ, म्हणून गमावण्यातही एकच.

हीच कसोटी सल्ल्याला लावा. 'अॅडव्हाइस' हे नाम, त्यात सी. 'अॅडव्हाइझ' हे क्रियापद, त्यात एस. याच्या जोरावर प्रॅक्टिस आणि लायसन्सही सुटतात. तिथे उच्चारात फरक नाही, पण ब्रिटिश वळणात नामाला सी आणि क्रियापदाला एस हाच नियम चालतो. अमेरिकन लोक प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने लिहितात आणि लायसन्स दोन्हीकडे एसने, म्हणून नेटवर वाचून डोकं फिरतं. एका मजकुरात एकच वळण ठेवा.

सगळ्यात जास्त चुका अफेक्ट आणि इफेक्टमध्ये. ए म्हणजे परिणाम करणं, ई म्हणजे परिणाम. आधी 'अॅन' किंवा 'द' बसत असेल तर बहुतेक ई. 'विथ इफेक्ट फ्रॉम १ एप्रिल' या सरकारी आदेशातल्या शब्दप्रयोगातही ईच. एवढ्यावर काम भागतं, पण एक खोच आहे: ईवालाही कधी क्रियापद होतो, तेव्हा अर्थ 'घडवून आणणं'. बदलावर नुसता प्रभाव टाकला की ए, बदल प्रत्यक्ष केला की ई.

कॉम्प्लिमेंटमध्ये आय असेल तर प्रशंसा. हॉटेलातला फुकटचा नाश्ताही आयवालाच. मधे ई असेल तर पूरक, कारण तो 'कम्प्लीट'चा भाऊ. डेअरीत एनंतर आय, डायरीत आयनंतर ए. जे आधी ऐकू येतं तेच आधी लिहायचं. शांत या अर्थाचा शब्द 'क्वाय-अट' असा दोन तुकड्यांत म्हणा, म्हणजे ईटी आपोआप शेवटी येतं. पर्सनलमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, कर्मचारीवर्ग म्हणायचा असेल तर तो शेवटी, पर्सो'नेल', आणि लिहितानाही दोन एन.

स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे लाल रेघ बहुतेक वेळा येतच नाही. त्यापेक्षा स्वतःच्या हमखास चुकणाऱ्या पाचसहा शब्दांची चिठ्ठी संगणकाजवळ चिकटवा आणि मेल पाठवण्याआधी कंट्रोल-एफने तेवढेच शोधा.