दाहशामक नव्हे, शोथहर

सोलापूरच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: निरगुडीच्या पानांतल्या अँटी-इन्फ्लमेटरी, म्हणजे सूज उतरवणाऱ्या, घटकांचा संगणकावर अभ्यास करतेय, मराठी शीर्षकात 'दाहशामक' लिहू की 'सूजनरोधी'? आणि 'डॉकिंग'ला काय म्हणू?

सूजनरोधी मुळीच नको. सूजन हिंदीतली, आपली सूज. मलमांच्या जाहिरातींत रोज 'सूजन घटवते' ऐकून डोकं उठतं. मराठीत सुजन म्हणजे सज्जन!

दाहशामकही नको. मे महिन्यात आपण माठात वाळ्याची जुडी सोडतो ना, तो वाळा दाहशामक. आयुर्वेदाचार्य चरकाने आपल्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात दहा-दहा औषधींचे गट केलेत. वाळा, चंदन, गुळवेल 'दाहप्रशमन' गटात. बेल, टेटू, रिंगणी, गोखरू ही दशमुळं 'श्वयथुहर', म्हणजे सूज उतरवणाऱ्या गटात. त्याने वेगळे ठेवलेले खण आपण का एक करायचे? 'इन्फ्लमेशन'मध्ये लॅटिन ज्वाळा दिसली म्हणून कोशांनी 'दाह' उचलला. हे शब्दाचं भाषांतर झालं, विकाराचं नव्हे.

खरी गंमत 'श्वयथु'त आहे. धातू श्वि, म्हणजे फुगणे. त्यातूनच शोथ म्हणजे सूज, त्यातूनच शून म्हणजे सुजलेला, आपलं सुजणंही त्याच घरचं असं मी मानतो. आणि शून-वरूनच शून्य! जुने वैयाकरण शून्य हा शब्द श्वन्, म्हणजे कुत्र्यावरून काढतात: 'शुने हितम्', कुत्र्याच्या सोयीची ओसाड जागा. मला हे साफ अमान्य आहे. ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर धरा. पापुद्रा टम्म फुगतो, फोडला की भसकन वाफ, आणि आत नुसती पोकळी. फुगणं आणि रितं असणं एकाच ठिकाणी दिसत असताना कुत्रं कशाला हवं? शिवाय तुमचा संगणक चालतो शून्य आणि एक यांवर. म्हणजे सूज आणि तिच्यावरचा उतारा शोधणारं शून्य, दोघं एकाच धातूची लेकरं!

तेव्हा 'शोथहर' लिहा. हृदयविकारात पायांवर येणारी सूजही शोथच, अशी हरकत कुणी घेईल. पण मग ॲसिडिटीची जळजळही दाहच की.

डॉकिंग राहिलंच. 'गोदी' लिहू नका. वनस्पतीतला रेणू कॉक्स-२सारख्या, सूज आणण्यात हात असलेल्या प्रथिनाच्या खाचेत नाना बाजूंनी बसवून पाहायचा, पकड किलोकॅलरी प्रति मोलमध्ये मोजायची, उणे आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. काम बसवण्याचं आहे, म्हणून 'रेणू-बसवणी'.