वय 48, आता पीएचडीला कोण घेणार?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) चाळिशी ओलांडलेले बरेच जण विचारतात तेच त्यांनी विचारलं: "पंचविशीतल्या मुलांच्या रांगेत मी! वय बघूनच बाजूला काढतील ना?"

पीएचडीच्या प्रवेशाला वयाची अट नाही. अट आहे ती जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला, आणि महिलांची सवलत धरूनही ती त्यांची उलटून गेलेली. पण पगार चालू होता, त्यामुळे तिथं अडत नव्हतं. शाळेचं ना हरकत प्रमाणपत्र मिळालं तर अर्धवेळ पीएचडी करता येते. एमएला 55 टक्के लागतात, ते होते. 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत फक्त पीएचडी प्रवेशासाठीही पात्र ठरता येतं. त्या गटात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो. नेटचा पेपर तपासताना वय कुणी बघत नाही.

मला खटकला तो त्यांच्या संशोधन आराखड्याचा मसुदा. सुरुवातच अशी: "संसाराच्या जबाबदाऱ्यांमुळे उशीर झाला, तरी..." पानभर दिलगिरी! विषय शेवटच्या चार ओळींत, 'लोकगीतांचा अभ्यास' एवढाच.

"लोकगीतंच का?" असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. सासूबाईंकडून उतरवून घेतलेली धालोची गीतं, पौषात बायका ओळीत नाचत म्हणतात ती. प्रत्येक गीताखाली कुणी म्हटलं, कुठल्या वाड्यावरच्या मांडावर (धालो खेळतात त्या जागी), याची नोंद. काही ओळी कोंकणी, लगेच पुढची मराठी. तिथं पेन्सिलीनं खुणा. "हे असं मध्येच का बदलतं, ते मला कधीपासून शोधायचंय," त्या म्हणाल्या.

हाच तर संशोधनाचा प्रश्न! पौषात त्या स्वतः मांडावर ओळीत उभ्या राहिल्यात, गाणाऱ्या बायका त्यांना नावानं ओळखतात. पंचविशीतल्या हुशार मुलालाही हे सहजासहजी मिळणार नाही. मी त्यांना पहिला परिच्छेद पूर्ण खोडायला लावला आणि वहीतल्या एका गीतापासून सुरुवात करायला सांगितली.

त्यांना खरी मेहनत घ्यावी लागतेय ती नेटच्या पहिल्या पेपरवर. आकडेवारी, तर्क, संगणक, सगळं सुटलेलं. 150 प्रश्नांतले 50 तिथले, पण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही असं ठरलंय. पीएचडी प्रवेशासाठी हे गुण वर्षभरच चालतात, तेव्हा मार्गदर्शकांची चौकशी त्यांनी परीक्षेआधीच सुरू केलीय.