प्रथिने मिसळली म्हणून चिप्स पौष्टिक होतात का?

प्रश्न : मी नियमित व्यायामशाळेत जातो. चरबी कमी करायची आणि स्नायू वाढवायचे, असे माझे उद्दिष्ट आहे. परंतु चिप्स, बिस्किटे आणि इन्स्टंट नूडल्स काही सुटत नाहीत. हल्ली प्रथिने व जीवनसत्त्वे घातलेली चिप्स-बिस्किटे मिळतात, आणि नूडल्समध्ये प्रोटीन पावडर घरीही मिसळता येते. असे केले तर हे पदार्थ मला चालतील का?
– एक वाचक

उत्तर : वरून घातलेले प्रथिन हेही प्रथिनच असते आणि शरीर त्याचा उपयोग करते, हे आधी मान्य करायला हवे. मात्र ते घातल्याने मूळ पदार्थातले तेल, मीठ किंवा साखर आपोआप कमी होत नाही, आणि आपल्या उद्दिष्टाच्या आड येते ते नेमके हेच.

समजा, पाकिटाच्या दर्शनी भागावर ‘१० ग्रॅम प्रथिने’ असे ठळक छापलेले आहे आणि मागे बारीक अक्षरांत ३०० कॅलरी लिहिल्या आहेत. एका ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात. म्हणजे ३०० पैकी प्रथिनांच्या वाट्याला ४० येतात आणि उरलेल्या २६० मुख्यतः तेल व पिष्ट पदार्थांच्या असतात. स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीला ११२ ग्रॅम. यातली निम्मी गरज जरी अशा पाकिटांतून भागवायची म्हटली, तरी १,६८० कॅलरी पोटात जातील. मग चरबी कमी व्हायची कशी?

नूडल्समध्ये पावडर घातल्यास प्रथिने नक्कीच वाढतील, पण त्यासोबतच्या मसाल्यातले मीठ तेवढेच राहील. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. मसाल्याची पुडी अर्धीच वापरली, तर ते मीठ निदान कमी होईल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. त्यात अतिप्रक्रियायुक्त (म्हणजे चिप्स-नूडल्ससारख्या, कारखान्यात तयार होणाऱ्या पदार्थांचा) आणि साधा, असे दोन्ही आहार प्रत्येकाला दोन-दोन आठवडे दिले गेले. ताटात वाढलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ आणि तंतू (फायबर) यांचे प्रमाण सारखे ठेवले होते, आणि त्यासाठी अतिप्रक्रियायुक्त आहारातल्या पेयांत तंतू वरून मिसळावे लागले होते. तरीही तो आहार घेताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन वाढले.

जीवनसत्त्वांबाबत एवढेच सांगतो, की कमतरता असेल तिथे ती उपयोगी पडतात; कमतरता नसताना जादा घेतल्याने स्नायू वाढत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे १९८० पासूनचे धोरणही कँडी आणि सोड्याच्या पेयांत पोषकद्रव्ये घालणे योग्य मानत नाही.

चिप्स खायचेच ठरले असेल आणि दोन पाकिटांतल्या कॅलरी व मीठ सारखे असेल, तर प्रथिनांचे पाकीट खुशाल निवडावे. मात्र ते नेहमीच्या पाकिटाऐवजी खावे, त्याच्या जोडीला नव्हे. रोजची प्रथिने डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांतून घ्यावीत आणि पावडर लागलीच, तर ती दुधात किंवा पाण्यात घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.