वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या झोपड्यांमधल्या कुटुंबांचे फोटो काढणं म्हणजे गरिबीचं भांडवल नव्हतं का? कोणाचं काम पाहावं?

नव्हतं. हेच मला एका जुन्या मित्राने पुण्यात प्रदर्शनाच्या दारात विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देतो.

मी दोन वर्षं केपटाऊनला कामाला होतो. सोबतच्या एकाने रविवारी खायेलित्शाला, म्हणजे केपटाऊनच्या कडेच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, आईकडे जेवायला नेलं. त्याचं बालपण क्रॉसरोड्समध्ये गेलेलं. १९७५ साली विमानतळाजवळच्या वाळूत पत्रे, फांद्या आणि प्लॅस्टिकवर उभी राहिलेली ती वस्ती. जेवणानंतर आईंनी बिस्किटांच्या डब्यातून एक कृष्णधवल फोटो काढला. स्टोव्ह, फळीवर कात्रीने नक्षी कापलेला कागद, त्यावर घासूनपुसून लावलेली भांडी, अगदी आपल्या मांडणीसारखी. कॉटच्या कडेला नवरा, मांडीवर तान्हं पोर. मी पत्रे आणि भिंतीला डकवलेली वर्तमानपत्रं बघत होतो. त्यांनी बोट ठेवलं ते नवऱ्याच्या पायांवर. बूट काढून ठेवलेले होते. "तो घरी होता," एवढंच म्हणाल्या.

मला समजायला वेळ लागला. तो गोदीत कंत्राटी कामगार. सरकारलेखी त्याची जागा म्हणजे लांगा या केपटाऊनच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या पुरुषांच्या हॉस्टेलमधली एक कॉट. बायकोकडे शहरात राहायचा परवाना नाही, म्हणजे तिने ट्रान्स्काय या कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या दूरच्या प्रदेशात राहायचं आणि त्याने सुट्टीत तिकडे जायचं. तिघं एका छपराखाली झोपले की गुन्हा! कृष्णवर्णीयांनी कुठे राहायचं ते ठरवणारे हे पासचे कायदे रद्द झाले ते थेट १९८६ मध्ये. आता सांगा, त्या फोटोत गरिबी आहे की कायद्याला न जुमानता थाटलेला संसार?

दक्षिण आफ्रिकेचे फोटोग्राफर डेव्हिड गोल्डब्लाट यांचा ११ ऑक्टोबर १९८४ चा क्रॉसरोड्सचा फोटो बघा. सरकारी माणसांनी झोपडी मोडली आहे आणि आई बाळाला घेऊन तिथेच आहे. फोटोच्या नावातही ते 'त्यांच्या घरात' असंच म्हणतात. डर्बनचे भारतीय वंशाचे फोटोग्राफर ओमर बादशा यांचं डर्बनजवळच्या इनांडा भागावरचं 'इमिजोंडोलो' (१९८५) हे फोटोंचं पुस्तक मिळालं तर सोडू नका. १९८२ मध्ये सुरू झालेल्या आफ्रापिक्स या फोटोग्राफरांच्या सहकारी संस्थेतही ते होते. दगडफेक आणि जळते टायर खूप जणांनी टिपले, पण या राजवटीने नेमकं काय मोडलं ते मला चुलीपाशीच्या फोटोंतूनच कळलं.

हां, सगळेच फोटोग्राफर विचारून फोटो काढत होते असं मी म्हणत नाही. शिवाय ज्यांचं तिथे असणंच बेकायदा, त्यांचा चेहरा छापणं धोक्याचंही होतं. हा आक्षेप मला मान्य आहे. भांडवलाचा नाही.

तुम्ही स्वतः वस्तीत कॅमेरा नेणार असाल तर आधी बसा, चहा घ्या, आणि नंतर फोटोची प्रत नेऊन द्या. त्या आईंना प्रत मिळाली होती, म्हणून ती डब्यात होती. माझ्या मित्राने त्याच प्रदर्शनात पुण्यातल्या पाटील इस्टेट झोपडपट्टीतल्या एका बाईंचा फोटो लावला होता. त्यांना प्रत दिलीस का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.